सुकलेला, रुक्ष आणि फुटलेला : चेहऱ्याच्या कोरडेपणाचे एक वाचन

परगावी शिकणारा मुलगा दिवाळीच्या सुटीला घरी येतो तेव्हा दारातच आई म्हणते, ‘‘चेहरा किती सुकलाय रे तुझा!’’ पुढचे वाक्य असते, ‘‘आधी पाणी पी.’’ नंतर केव्हातरी त्याच्या कोपराकडे तिचे लक्ष जाते आणि ती म्हणते, ‘‘केवढी रखरखीत झालीय कातडी. तेल लाव.’’ तक्रारी दोन, उपाय दोन. सुकलेल्या चेहऱ्यावर ती तेल सुचवत नाही आणि रखरखीत कोपरासाठी पाणी प्यायला सांगत नाही. हा फरक तिला कुणी शिकवलेला नाही; तो भाषेतच आहे.

हीच आई प्रसाधनांच्या दुकानात जाते तेव्हा तिथे हा फरक नाहीसा होतो. तिथे एकच शब्द असतो, ‘ड्राय’. त्याचे मराठी केले जाते ‘कोरडी त्वचा’. या एका खणात रुक्ष कोपर, सुकलेला गाल, उललेला ओठ, साबणाने ओढलेले कपाळ असे सगळे कोंबलेले असते. अलीकडे याच बाजाराला एक शोध लागला आहे. ‘ड्राय’ आणि ‘डिहायड्रेटेड’ हे दोन वेगळे प्रकार आहेत, पहिल्यात तेल कमी असते आणि दुसऱ्यात पाणी, असे आता समजावून सांगितले जाते आणि दोन्हींसाठी दोन बाटल्या विकल्या जातात.

चेहऱ्याची निगा हा गंभीर समीक्षेचा विषय आहे का, असे कुणाला वाटेल. पण ‘रूटीन’ हा आज बहुधा सर्वाधिक वाचला जाणारा उपदेशपर गद्यप्रकार आहे. त्याला क्रम आहे, परिभाषा आहे, आज्ञार्थी क्रियापदे आहेत आणि शेवटी फळाचे आश्वासनही आहे. व्रताच्या पोथीची हीच तर रचना. मग पोथीला जे प्रश्न आपण विचारतो ते यालाही विचारायला हवेत : हा मजकूर कुणाला उद्देशून आहे, तो कशाला दोष म्हणतो आणि त्यातले कोणते शब्द खरे काम करतात? या लेखात मी कोरड्या आणि पाणी हरवलेल्या चेहऱ्याच्या निगेचे काही मजकूर वाचले आहेत : प्रयोगशाळेचा, डबीवरचा, वाग्भटाचा आणि स्वयंपाकघरातला. माझे म्हणणे थोडक्यात असे की, या विषयासाठी लागणारे नेमके शब्द मराठीत आधीपासून आहेत. आणि आपले नुकसान झाले ते त्या शब्दांच्या जागी ‘उजळ’ हा एक शब्द येऊन बसल्यामुळे.

तीन शब्द

कोरडेपणासाठी मराठीत किमान तीन वेगळ्या कल्पना आहेत. पहिली ‘रुक्ष’. संस्कृतात हा ‘स्निग्ध’च्या विरुद्धचा शब्द आहे, म्हणजे ज्यात स्नेह, तेलकटपणा नाही ते. माणसाच्या स्वभावालाही आपण हाच शब्द लावतो. दुसरी ‘सुकलेला’. कपडे सुकतात, फुले सुकतात, विहीर सुकते. या क्रियापदात पाणी गृहीत आहे. रुक्ष वस्तू मुळातच तशी असू शकते, पण सुकलेल्या वस्तूत आधी पाणी असावे लागते. तिसरी कल्पना ‘फुटणे’ किंवा ‘उलणे’. थंडीने गाल फुटतात, ओठ उलतात, टाचांना भेगा पडतात. इथे तक्रार तेलाची किंवा पाण्याची नसून मोडलेल्या पृष्ठभागाची आहे.

आता प्रयोगशाळेकडे जाऊ. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोरडी कातडी म्हणजे तेल कमी पडलेली कातडी, हीच समजूत वैद्यकातही होती. १९५२ साली अर्विन ब्लँक या अमेरिकी संशोधकाने एक साधा, पण निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. घट्ट्याची कडक, वाळलेली कातडी त्याने तेलात ठेवली. ती तशीच कडक राहिली, वाकवली की मोडायची. पाणी मिळाले तेव्हा मात्र ती मऊ आणि लवचीक झाली. कातडीला मऊपणा देते ते पाणी. तेल ते पाणी टिकवायला मदत करते, हे या प्रयोगाने दाखवून दिले. आजची सगळी मॉइश्चरायझर याच वाक्याची भाष्ये आहेत.

पाणी टिकते कुठे? त्वचेच्या अगदी वरच्या थरात. चेहऱ्यावर हा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकाही जाड नसतो. त्यात मृत, चपट्या पेशी एकमेकींवर रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या फटी स्निग्ध द्रव्याने भरलेल्या असतात. पीटर इलायस या त्वचाशास्त्रज्ञाच्या कामामुळे या रचनेला विटा आणि चुन्याच्या भिंतीची उपमा रूढ झाली. या चुन्यात साधारण निम्मा भाग सिरॅमाइड नावाच्या स्निग्ध पदार्थांचा असतो. बाकी मुख्यतः कोलेस्टेरॉल आणि मुक्त स्निग्धाम्ले. पेशींच्या आत पाणी धरून ठेवणारी द्रव्ये असतात, त्यांत युरिया आणि लॅक्टिक आम्लाचे क्षारही असतात.

या चित्रावर मराठी शब्द ठेवून पाहिले की ते चपखल बसतात. चुना कमी तो चेहरा रुक्ष. विटांतले पाणी उडाले तो सुकलेला. आणि भिंतीलाच तडे गेले की फुटलेला. एकातून दुसरे निर्माण होते : चुना कमी झाला की पाणी उडते, पाणी उडाले की विटा आक्रसतात आणि तडे जातात, तड्यांतून साबण आणि हवा आत शिरून आग होते. म्हणूनच तेलकट चेहराही सुकलेला असू शकतो. नागपूरच्या मे महिन्यात दुपारभर बाहेर फिरलेल्या माणसाचे नाक तुपकट असते आणि गाल ओढलेले असतात. ‘माझी स्किन ऑइली आहे, मला मॉइश्चरायझर नको,’ हे वाक्य रुक्ष आणि सुकलेला यांत गल्लत झाल्याचा नमुना आहे.

स्नो-पावडर

मग हे शब्द मागे का पडले? त्याचे एक उत्तर आपल्या आज्यांच्या आरशासमोरच्या डब्यांत सापडते.

कोल्ड क्रीमचा इतिहास दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या रोमच्या वैद्यापर्यंत मागे नेला जातो. मेण, तेल आणि पाणी घोटून केलेले हे मलम लावल्यावर त्यातले पाणी उडते आणि गार वाटते, म्हणून ते ‘कोल्ड’. मेण आणि तेल मागे उरते आणि पाण्याच्या वाटेवर झाकण घालते. १८७२ साली रॉबर्ट चेसब्रो याने अमेरिकेत व्हॅसलीनचे पेटंट घेतले. खनिज तेलापासून मिळणारे हे जेली झाकण म्हणून आजही इतर बहुतेक द्रव्यांपेक्षा सरस ठरते.

‘स्नो’ मात्र वेगळ्या कुळातला. तो व्हॅनिशिंग क्रीमच्या जातीचा. त्यात मुख्यतः स्टिअरिक आम्ल, थोडा अल्कली आणि बरेचसे पाणी असते. लावला की तो दिसेनासा होतो, तेलकटपणा मागे ठेवत नाही आणि त्यावर पावडर छान बसते. १९१९ च्या सुमारास इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी मुंबईत ‘अफगाण स्नो’ आणला आणि पुढे कित्येक दशके तो मध्यमवर्गीय घरांत राहिला. ‘स्नो-पावडर’ हा मराठीतला जोडशब्द तिथूनच रुळला. ‘स्नो-पावडर करून बसलीय’ या वाक्यात थोडी थट्टा आहे, थोडी नापसंतीही आहे.

या जोडशब्दाचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. कोल्ड क्रीम चेहऱ्याला बरे वाटावे म्हणून रात्री लावायचे आणि ते लावलेला चेहरा कुणी पाहायचा नसतो. स्नो दिवसा लावायचा, चेहरा पाहिला जावा म्हणून. एक स्पर्शाचे प्रसाधन, दुसरे दृष्टीचे. रुक्ष चेहऱ्याला पहिल्याची गरज असते, पण प्रतिष्ठा मिळाली ती दुसऱ्याला. त्याचे नावच बर्फाच्या पांढरेपणावर बेतलेले होते. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली तेव्हा ही दृष्टी पूर्णपणे उघड झाली. जाहिरातीतल्या मुलीला नोकरी किंवा नवरा मिळायचा तो तिच्या गालाची आग थांबली म्हणून नव्हे. २०२० मध्ये या क्रीमच्या नावातला ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आला. ‘ग्लो’ हा शब्द फसवा आहे. भरपूर पाणी असलेल्या त्वचेवरून प्रकाश सारखा परावर्तित होतो आणि ती तुकतुकीत दिसते, हे खरे. पण जुन्या ‘फेअर’ची गादी चालवण्यासाठीही हाच शब्द वापरता येतो.

ही केवळ शब्दांची चर्चा नाही. माझ्या एका मावसबहिणीच्या लग्नाआधी तिला ओळखीच्या एका बाईंनी औषधाच्या दुकानातली एक ट्यूब सुचवली होती. आठवडाभरात चेहरा उजळला, सगळे खूश झाले. तिने ती ट्यूब दीडेक वर्ष लावली. पुढे लावली नाही की आग, लाली, खाज. लावली की बरे. साध्या पाण्यानेही गाल चुरचुरायचे. ट्यूबमध्ये स्टिरॉइड होते. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा’ अशा अर्थाचे स्वतंत्र नावच दिले आहे, इतकी ती आपल्याकडे आढळते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची चौदा स्टिरॉइडे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. स्टिरॉइडचा दीर्घ वापर त्वचा पातळ करतो आणि तिची भिंत कमकुवत करतो. तेव्हा बहीण दुकानात जाऊन ‘ड्राय, सेन्सिटिव्ह स्किनसाठी काहीतरी द्या’ असे म्हणत होती. तिच्या चेहऱ्याला खरा शब्द होता ‘फुटलेला’, आणि तो फोडला होता ‘उजळ’ने.

वाग्भटाचा लेप

बाजाराच्या मजकुराला कंटाळलेला वाचक साहजिकच परंपरेकडे वळतो. ‘रूटीन’ला आपल्याकडे ‘दिनचर्या’ हा शब्द आहेच आणि वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तल्या एका अध्यायाचे ते नाव आहे. साधारण सातव्या शतकातला हा ग्रंथ महाराष्ट्राला परका नाही. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याने त्यावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. पण चेहऱ्याच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा भाग दिनचर्येत नसून सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. तिथे मुखलेपाचा विधी येतो.

त्याचा आशय असा. मुखलेप तीन प्रकारचे : दोष घालवणारा, विष घालवणारा आणि वर्ण सुधारणारा. लेपाची जाडी बोटाच्या रुंदीच्या पाव, तिसऱ्या किंवा निम्म्या भागाइतकी. लेप ओला आहे तोवरच ठेवायचा. वाळला तर तो कांती बिघडवतो. काढताना तो पुन्हा भिजवायचा आणि मगच काढायचा. त्यानंतर चेहऱ्याला स्नेह लावायचा. सहा ऋतूंसाठी सहा वेगळे लेप सांगितले आहेत. लेप लावलेला असताना दिवसा झोप, बडबड, विस्तव, ऊन, शोक आणि राग टाळायला सांगितले आहे.

आता आपल्याकडचा प्रचलित ‘फेसपॅक’ आठवा. मुलतानी माती किंवा डाळीचे पीठ लावायचे, पंख्याखाली बसायचे, माती तडकेपर्यंत वाट पाहायची, हसू आले तरी हसायचे नाही, मग खसाखसा धुऊन टाकायचे. तडकलेली माती म्हणजे ‘काम झाले’ अशी समजूत. ज्या परंपरेच्या नावाने हे चालते, तिचा ग्रंथ नेमके याच्या उलट सांगतो. वाळता वाळता माती चेहऱ्यावरचे तेल शोषते, घासल्याने वरचा थर खरवडला जातो आणि शेवटी काहीच लावले जात नाही. तेलकट चेहरा हे एखाद्या वेळी सोसेल. सुकलेला चेहरा सोसणार नाही.

वाग्भटाच्या सूचनांचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो : ओल ठेवा, वाळू देऊ नका, ओलसर असतानाच पुसा, वर स्नेह द्या. ब्लँकच्या प्रयोगानंतर घडत गेलेला क्रम हाच आहे. पण इथे घाई करू नये. वाग्भटाला त्वचेचा सूक्ष्म थर माहीत होता, असा निष्कर्ष यातून निघत नाही. त्याचे स्पष्टीकरण दोषांच्या भाषेतले आहे. आणि लेपाच्या तीन प्रकारांत ‘वर्ण’ हाही एक आहे, हे विसरून चालणार नाही. रंगाचे वेड कंपन्यांनी आणले असे म्हणून परंपरेला मोकळे सोडता येत नाही. वाग्भटाकडून घ्यायचे ते त्याचे निरीक्षण : वाळणारी वस्तू चेहऱ्यावर ठेवली की चेहरा बिघडतो. हे ज्याने लिहिले त्याने चेहरे काळजीपूर्वक पाहिले होते.

स्वयंपाकघराची परीक्षा

घरगुती उपायांना दोन टोकांचे वाचक मिळतात. एकाला सगळे अमृत वाटते, दुसऱ्याला सगळे भाबडे. दोघेही मजकूर न वाचता निकाल देतात.

ग्लिसरीन, गुलाबपाणी आणि लिंबू हे मिश्रण घ्या. कित्येक घरांत हिवाळ्यात ही बाटली असायची. त्यातले ग्लिसरीन अव्वल आहे : ते पाणी धरून ठेवते, स्वस्त आहे आणि महागड्या बाटल्यांतही पाण्याच्या खालोखाल बहुधा तेच असते. गुलाबपाणी म्हणजे मुख्यतः सुवासिक पाणी. लिंबू मात्र घुसखोर आहे. लिंबाचा रस तीव्र आम्ल आहे, फुटलेल्या गालावर तो झोंबतो. शिवाय लिंबाच्या जातीतली काही द्रव्ये कातडीवर असताना ऊन लागले, तर डाग किंवा फोडही येऊ शकतात. लिंबू तिथे आले कशासाठी? रंग उजळावा म्हणून. पुन्हा तोच शब्द. तो काढला की उरते ते चांगले औषध.

तेलांचेही तसेच. ‘तेल लाव’ हे वाक्य बरोबर आहे, पण कोणते तेल? २००४ साली फिलिपिन्समधल्या एका चाचणीत कोरड्या त्वचेवर खोबरेल तेल खनिज तेलाच्या तोडीचे ठरले. मात्र ती मुख्यतः हातापायांच्या कातडीची गोष्ट आहे. ज्यांना चेहऱ्यावर मुरमे येतात त्यांच्यासाठी खोबरेल जड पडू शकते. ऑलिव्ह तेलाची प्रतिष्ठा मोठी, पण त्यात ओलेइक आम्ल जास्त असते आणि ते त्वचेची भिंत सैल करू शकते. सूर्यफुलाच्या आणि करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असते. सिरॅमाइड घडवताना त्वचेला तेच लागते. सोलापूर-मराठवाड्याच्या करडईला सौंदर्याच्या मजकुरात कधी जागा मिळालेली नाही, हा निव्वळ नावाच्या वजनाचा प्रश्न आहे.

कोकणातले भिरंडेल याच्या उलट नशिबाचे. कोकमाच्या बियांचे हे घट्ट तेल ओठांना आणि टाचांच्या भेगांना लावायची रीत जुनी आहे. आज तेच ‘कोकम बटर’ या नावाने परदेशी डब्यांवर छापले जाते आणि इकडे महाग होऊन परत येते. वस्तू तीच, शब्द बदलला आणि किंमत बदलली.

दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंगही याच नजरेने पाहावे. आधी तेल, मग उटणे, मग ऊन पाणी, मग साबण. अंगाला हे उत्तम. वर्षातून एकदा तर नक्कीच. पण क्रम पाहिला तर तेलाने दिलेले उटणे काढून घेते आणि उरलेले साबण नेतो. साबणाचे पाणी अल्कधर्मी असते, तर त्वचेचा पृष्ठभाग सौम्य आम्लधर्मी. ज्याचा चेहरा आधीच ओढलेला आहे, त्याने उटणे मानेखालीच ठेवावे, किंवा चेहऱ्यापुरते ते दुधाच्या सायीत भिजवून हलक्या हाताने फिरवून लगेच धुवावे.

लेबल वाचताना

आता डबीवरचा मजकूर. त्याचा दर्शनी भाग काव्य असतो आणि मागचा भाग गद्य. मागच्या भागात घटक उतरत्या प्रमाणात लिहिलेले असतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. पहिला शब्द बहुधा ‘ॲक्वा’, म्हणजे पाणी. दर्शनी भागावर ज्या केशराचे किंवा बदामाचे चित्र आहे, ते यादीच्या शेपटाला सुगंधाच्या शेजारी सापडले, तर चित्राचा अर्थ काय घ्यायचा हे वाचकाने ठरवावे.

या यादीत घटकांची तीन घराणी ओळखता आली तरी पुरे. पाणी धरणारी : ग्लिसरीन, युरिया, हायल्युरॉनिक आम्ल. चुना भरणारी : सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, स्निग्धाम्ले. झाकण घालणारी : पेट्रोलॅटम, मेण, डायमेथिकोन, विविध बटरे. सुकलेल्याला पहिले घराणे हवे, रुक्षाला दुसरे, आणि दोघांनाही तिसरे.

हायल्युरॉनिक आम्लाची सध्या मोठी चलती आहे. १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातल्या द्रवातून ते वेगळे केले. ते स्वतःच्या वजनाच्या हजारपट पाणी धरते, हे वाक्य प्रत्येक बाटलीमागे असते. वाक्य भारदस्त आहे, पण प्रश्न असा की पाणी आणायचे कुठून? बाटलीत त्याचे प्रमाण अल्प असते आणि त्याचे मोठे रेणू पृष्ठभागावरच राहतात. ओलसर चेहऱ्यावर लावले आणि वर क्रीमचे झाकण घातले, तर ते उपयोगी आहे. वातानुकूलित कचेरीत कोरड्या गालावर नुसतेच लावून ठेवले, तर तासाभरात चेहरा पहिल्यापेक्षा जास्त ओढलेला वाटू शकतो. मग माणूस आणखी एक बाटली घेतो. कोरियाच्या नावाने प्रसिद्ध झालेला दहा पायऱ्यांचा क्रम याच पद्धतीने वाढतो : प्रत्येक पायरी आधीच्या पायरीची उणीव दाखवते. घरातल्या बाईला सकाळी डबे भरून, लोकल गाठून या दहा पायऱ्या चढायच्या असतात, याची त्या मजकुराला कल्पना नसते.

चार क्रियापदे

इतके वाचन झाल्यावर टीकाकाराने ‘मग करायचे काय’ या प्रश्नापासून पळ काढू नये. मला चार क्रियापदे पुरेशी वाटतात.

पहिले ‘थांबणे’. फुटलेल्या चेहऱ्यासाठी हेच पहिले औषध. खरखरीत स्क्रब, लिंबू, तडकणारी माती, कढत पाणी, तीव्र सुगंध, आम्लाची आणि रेटिनॉलची सिरम हे सारे भिंत सावरेपर्यंत बंद. वरचा थर पूर्ण बदलायला साधारण दोन आठवडे लागतात. तेवढा धीर हवा. स्टिरॉइडची ट्यूब असेल तर मात्र ती एकदम न सोडता त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने सोडावी.

दुसरे ‘भिजवणे’. सकाळी नुसते कोमट पाणी पुरते. रात्री धूळ आणि सनस्क्रीन काढायला फेस न करणारा सौम्य क्लेन्झर. टॉवेलने टिपायचे, घासायचे नाही. चेहरा किंचित ओलसर असतानाच ग्लिसरीन किंवा हायल्युरॉनिक आम्ल असलेले काहीतरी. पाणी पिणे शरीरासाठी आवश्यकच आहे. पण ज्याच्या शरीरात पाण्याची तूट नाही, त्याने तांब्यामागून तांबे रिचवल्याने गालावरचा पापुद्रा मिटेल याला फारसा आधार नाही. तिथे वरून झाकणच हवे.

तिसरे ‘झाकणे’. दोनतीन मिनिटांच्या आत, ओल उडायच्या आधी, सिरॅमाइडयुक्त किंवा साधे घट्टसर क्रीम. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत आणि हीटर लावलेल्या परदेशी घरांत रात्री फुटलेल्या जागी व्हॅसलीनचा पातळ हात; कोकणच्या दमट हवेत तेवढ्याची गरज नाही. ऋतूनुसार लेप बदलण्याचा वाग्भटाचा आग्रह इथे शब्दशः लागू पडतो.

चौथे ‘सावली धरणे’. सकाळच्या क्रीमनंतर किमान तीस एसपीएफचे सनस्क्रीन, चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके. उन्हाने भिंत बिघडते म्हणून; काळे होऊ म्हणून नव्हे. दोन्ही कारणांनी बाटली तीच घेतली जाते, पण कारण बदलले की माणसाचे स्वतःच्या चेहऱ्याशी असलेले नाते बदलते.

एक सावधगिरी. नाकाच्या कडेला, भुवयांत आणि टाळूवर पिवळसर, तेलकट पापुद्रे सुटत असतील, तर तो कोरडेपणा नसून बहुधा सेबोऱ्हिक डर्मटायटिस नावाचा वेगळा विकार असतो आणि तेल चोळल्याने तो वाढू शकतो. पापुद्रा दिसला म्हणजे कोरडेपणा, हेही एक चुकीचे वाचनच. तसेच सगळ्या अंगाला अचानक आलेला कोरडेपणा थायरॉइड किंवा मधुमेहाची खूण असू शकते. त्याचे उत्तर डबीत नसते. आणि नवी वस्तू घ्यायचीच तर एका वेळी एक, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहून.

मावसबहिणीचा चेहरा सावरायला वर्षाहून अधिक काळ लागला. परवा तिच्याकडे गेले तेव्हा आरशासमोर तीनच वस्तू होत्या : सौम्य क्लेन्झर, एक बिनवासाचे क्रीम आणि सनस्क्रीन. तिचा रंग लग्नाआधी होता तसाच आहे. बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या एका काकूंनी तिला तोंडावर सांगितलेही, ‘‘तेव्हा किती उजळली होतीस गं!’’ ती काही बोलली नाही. काकू गेल्यावर मी विचारले, ‘‘आता कसा आहे चेहरा?’’ तिने आरशाकडे पाहिले नाही. गालावर हात फिरवून म्हणाली, ‘‘आता ओढत नाही.’’